हत्यार कोणाच्या हातीं? घोडनदी-भीमथडीच्या इतिहासांतील एक प्रश्न

राज्य आणि प्रजा यांच्यामध्यें कांहीं करार कागदावर न येतांच झालेले असतात. त्यांपैकीं हत्याराचा करार फार जुना आहे. हत्यार प्रजेनें बाळगावें, कीं राज्यानें तें आपल्या हातीं घेऊन त्याच्या बदल्यांत प्रजेच्या राखणीचा भार पत्करावा? हा प्रश्न अमेरिकेंत अजून निवडणुकांच्या सभांतून गाजत असतो, म्हणून तो परदेशांतला आहे असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांइतका या प्रश्नाचा अनुभव फार थोड्या मुलखांनीं घेतला असेल. घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या कांठीं शें-दीडशें वर्षांत जें घडलें, तें ओळीनें मांडलें म्हणजे या वादाच्या दोन्ही बाजू आपोआप बोलूं लागतात.

पेशवाईअखेरपर्यंत या भागांत हत्यार ही घरांतली सामान्य वस्तु होती. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येणारा स्वार. बारगिरास तीं सरकारांतून मिळत. मोहीम संपली कीं शिलेदार गांवीं परते, आणि त्याची तरवार व भाला खुंटीवर विसावे. गांवाला वेस असे, वेशीवर राखण असे, आणि राखणीच्या बदल्यांत रामोशी, महार इत्यादिकांस वतनाचा हक्क असे. खंडेनवमीस शस्त्रांची पूजा होई ती निव्वळ शोभेची नव्हती. पावसाळ्यांत गंजलेलें हत्यार पुन्हां घांसून-पुसून चालतें करण्याचा तो दिवस होता. मात्र हा हक्क सर्वांना सारखा होता, असें मानणें भाबडेपणाचें होईल. कोणीं कोणतें हत्यार धरावें आणि कोणाच्या वतीनें धरावें, हें जातीनें व वतनानें ठरलेलें होतें. पेंढाऱ्यांच्या हातींही हत्यारेंच होतीं, आणि त्यांच्या धाडींनीं उजाड झालेल्या गांवांना त्या हत्यारांचें कौतुक वाटण्याचें कारण नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं घोडनदीच्या कांठीं शिरूर येथें इंग्रजांची छावणी पडली. सन 1809 मध्यें तेथेंच मरण पावलेल्या कर्नल वॉलेसची समाधि लोकांनीं ‘सतपुरुषा’ची म्हणून पुजली, यावरून ती छावणी लोकांच्या जीवनांत किती मुरली होती हें दिसून येतें. 31 डिसेंबर 1817 च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन याच छावणींतून सुमारें आठशें लोक घेऊन पुण्याकडे निघाला, आणि दुसऱ्या दिवशीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें त्याची पेशव्यांच्या सैन्याशीं गांठ पडली. तेथील विजयस्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत 22 नांवें महार शिपायांचीं आहेत. हत्यार धरणारा हात आणि त्या हाताचा मान यांचा संबंध पुढें याच स्तंभाशीं पुन्हां येणार आहे, म्हणून हें येथें ध्यानांत ठेवावें.

राज्य बदललें तरी खेड्यांतलीं हत्यारें एकाएकीं गेलीं नाहींत. तीं जाण्याचें निमित्त सन 1857 हें झालें. त्या वर्षीं हिंदुस्थान सरकारनें 28 वा कायदा करून हत्यारांची आयात, घडण, विक्री व बाळगणूक यांवर निर्बंध घातले. हीं हत्यारें प्रत्यक्ष गोळा करावयास जातांच मुंबई इलाख्याच्या दक्षिणेस मुधोळ संस्थानांत हलगली येथील बेरडांनीं तीं देण्याचें नाकारलें. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, हत्यार गेलें तर पोट गेलें आणि अब्रूही गेली. सन 1857 च्या अखेरीस सरकारी फौजेनें तें गांव मोडलें व अनेकांस फांशी दिलें. पुढें 1860 सालीं 31 वा कायदा आला. घोडनदी-भीमथडीकडे हलगलीसारखा प्रसंग घडला नाहीं; येथें हत्यारें गाजावाजा न होतां विरळ होत गेलीं. चमत्कार असा कीं, शिरूरच्या छावणींत असलेल्या पूना हॉर्स या रिसाल्यांत शिलेदारीची पद्धत चालूच होती. स्वतःचा घोडा व साज घेऊन येणारा स्वार छावणीच्या कुंपणाआंत सन्मानानें नांदत होता, आणि कुंपणाबाहेर त्याच्याच भाऊबंदांची शिलेदारी इतिहासजमा होत होती.

अशा स्थितींत 1875 साल उजाडलें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसास सोन्याचा भाव आला होता. तें युद्ध 1865 मध्यें संपतांच भाव कोसळले. त्यांतच नव्या पाहणीनें सारा वाढला. कर्ज फिटेना, आणि सावकाराचें खत दिवाणी कोर्टांत गेलें कीं हुकूमनामा ठरलेलाच. सन 1874 च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डे या गांवीं कालूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचें घर पाडण्यास आरंभ केला. गांव चिडलें, परंतु त्यानें काठीही उगारली नाहीं. त्यानें सावकारास वाळींत टाकलें. त्याच्या शेतांत कोणी राबेना, त्याच्या दुकानीं कोणी जाईना. ही युक्ति आसपासच्या गांवांनीं उचलली.

बहिष्काराचें रूपांतर दंग्यांत झालें तें 12 मे 1875 रोजीं, भीमथडी तालुक्यांतील सुप्याच्या बाजारांत. त्या जुन्या भीमथडी तालुक्याचा बराच भाग आज दौंड तालुक्यांत मोडतो. सुपें मात्र बारामतीकडे गेलें आहे. बाजारासाठीं जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या पेढ्यांतून खतें व वह्या ओढून काढल्या व रस्त्यांत त्यांची होळी केली. चोवीस तासांच्या आंत केडगांवीं एका मोठ्या सावकाराच्या गंजी व घर यांस आग लागली. तेथून हें लोण शिरूर तालुक्यांत व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. पोलिस अपुरे पडल्यावर लष्कर बोलवावें लागलें. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें हजार लोक पकडले गेले आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांस शिक्षा झाल्या.

या दंग्यांचें एक वैशिष्ट्य त्या वेळच्या सरकारी चौकशी मंडळाच्याही नजरेंत भरलें. इतका क्षोभ होऊनही मनुष्यहत्येसारखे गंभीर गुन्हे जवळजवळ झाले नाहींत. दंगेखोरांना सावकाराचा जीव नको होता, खत हवें होतें. जेथें तें निमूटपणें मिळालें, तेथें सावकाराच्या अंगास सहसा धक्का लागला नाहीं. येथें हत्यारबंदीचा पक्ष घेणारा म्हणेल, ‘पाहा, लोकांच्या घरोघर बंदुका असत्या तर सुप्याच्या बाजारांत कागदांऐवजीं माणसें जळालीं असतीं.’ या म्हणण्यांत तथ्य आहे. दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणेल, ‘हत्यार काढून घेतलें त्या सरकारनें बदल्यांत न्याय द्यावयाचा होता. कोर्टाचा दरवाजा सावकारास उघडा आणि कुणब्यास बंद, अशी स्थिति दहा वर्षें चालली. आणि सरकारला जाग आली ती आग लागल्यावर.’ यांतही तथ्य आहे. दंग्यांनंतर चौकशी झाली, आणि 1879 सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास खताच्या मुळाशीं जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. म्हणजे कुणब्यास जें पाहिजे होतें तें तरवारीनें नव्हे, पण निव्वळ अर्जानेंही मिळालें नव्हतें.

या दोन घटनांच्या मधोमध 1878 सालचा 11 वा कायदा येतो. ‘आर्म्स ॲक्ट’ म्हणून तीन पिढ्यांनीं ज्याला नांवें ठेवलीं तो हाच. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत त्याच मार्च महिन्यांत देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला. जणूं तोंड आणि हात एकदमच बांधावयाचे होते. हत्यार या शब्दाच्या व्याख्येंत बंदूक, तोफ व संगीन तर होतींच, पण तरवार, खंजीर, भाला, भाल्याचें पातें आणि धनुष्यबाणही होते. परवान्यावांचून हत्यार घेऊन हिंडणें, बंदूक बाळगणें, विकणें हे गुन्हे ठरले व त्यांस तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. लपवून ठेवण्याचा गुन्हा असेल तर ती सात वर्षांपर्यंत जाई. लोकांस खरें झोंबलें तें मात्र निराळेंच. कायद्यांतून सूट देण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे ठेवला, आणि त्या सुटींत युरोपियन, अँग्लो-इंडियन इत्यादिकांस घातलें. त्यामुळें छावणींतील गोऱ्या दुकानदारास परवाना नको, आणि ज्याच्या पणज्यानें पानिपतचें रण पाहिलें त्या पाटलास उंसांत शिरलेलें डुकर हुसकण्यासाठीं मामलेदाराच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. निर्बंधाचें दुःख माणूस सोसतो. त्यांतला अविश्वास व भेदभाव त्यास सोसवत नाहीं.

त्याच 1878 सालीं दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. दुष्काळांत या कामावर खडी फोडणारे हात याच मुलखांतले होते. रुळांमुळें आतां धान्य लवकर हलूं लागलें, तशी फौजही लवकर हलूं लागली. गांवाची वेस व गांवचा राखणदार यांचें महत्त्व रेल्वेनें जितकें कमी केलें, तितकें कोणत्याही कायद्यानें केलें नसेल.

कायद्यास वर्ष पुरें होतें न होतें तोंच, 23 फेब्रुवारी 1879 रोजीं शिरूर तालुक्यांतील धामारी गांवावर दरोडा पडला. त्याचा नायक साधा दरोडेखोर नव्हता. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांत कारकुनी केलेले वासुदेव बळवंत फडके, रामोशी साथीदार घेऊन, इंग्रजी राज्य उलथण्यासाठीं पैसा जमवीत होते. 1876 पासून पडलेल्या दुष्काळांत लोकांचे हाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले होते. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमींत त्यांनीं हत्यार चालविण्याचें शिक्षण घेतलें होतें. पण हत्यारें मिळवावयाचीं कोठून, हीच त्यांची पहिली अडचण होती. मे महिन्यांत त्यांचे उजवे हात दौलतराव नाईक लढतांना पडले. जुलैंत खुद्द फडके पकडले गेले, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला.

धामारीचा अर्थ दोन प्रकारें लावतां येतो. सरकारच्या मतें, हत्यारबंदी किती आवश्यक होती याचा हा रोकडा पुरावा. राष्ट्रीय बाण्याच्या माणसाच्या मतें, ज्या राज्याला मूठभर रामोशांच्या भांडवलावर उलथून टाकण्याची कल्पना एका सुशिक्षित कारकुनास सुचते, त्या राज्याचा रोग हत्यारांत नसून भुकेंत आहे. आणि तिसरा एक माणूस आहे, त्याचें म्हणणें दोन्ही पक्ष विसरतात. तो म्हणजे धामारीचा सामान्य रहिवासी. त्याच्या गांवावर रात्रीं दरोडा आला तेव्हां त्याच्यापाशीं हत्यार नव्हतें आणि शिपाई कोसांवर होता. फडक्यांचा हेतु कितीही उदात्त असला तरी त्या रात्रीं त्यास एवढेंच कळलें कीं, आपली राखण कोणीच करीत नाहीं.

सन 1882 मध्यें लॉर्ड रिपन यांनीं वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांचा कायम राहिला. 1887 सालीं मद्रासच्या तिसऱ्या काँग्रेसनें तो सौम्य करण्याची मागणी केली. लोकांच्या राजनिष्ठेवर हा निष्कारण कलंक आहे, हा तिचा गाभा होता. आणि रानटी जनावरें व दरोडेखोर यांच्यापुढें खेडुत असहाय झाला आहे, हेंही त्या काळीं पुनःपुन्हां सांगितलें गेलें. महायुद्धानंतर 1920 च्या नियमांनीं वंशभेदाची सूट कागदावरून काढली. तथापि परवाना देणें न देणें कलेक्टरच्या मर्जीवर राहिलें.

याच काळांत दुसऱ्या एका वर्गाची मागणी निराळ्या शब्दांत पुढें येत होती. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबविण्यांत आली. ज्यांचीं नांवें कोरेगांवच्या स्तंभावर कोरलेलीं, त्यांच्या नातवांना शिपाई होण्यास अपात्र ठरविलें गेलें. गोपाळबाबा वलंगकर व पुढें शिवराम जानबा कांबळे यांनीं याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. कांबळे यांचा 1910 सालचा अर्ज थेट विलायतेंतील भारतमंत्र्यांकडे गेला. या लोकांना घरांत बंदूक ठेवावयाची नव्हती, तर देशाचें हत्यार धरण्याचा मान परत हवा होता. पाटलाची तक्रार अशी होती कीं, आमचें हत्यार काढून घेतलें. महाराची अशी कीं, हत्यार धरण्याची आमची लायकीच नाकारली. 1 जानेवारी 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगांवच्या स्तंभापाशीं आले, त्या भेटीचा अर्थ या पार्श्वभूमीवरच नीट समजतो.

राष्ट्रीय चळवळीनें ही मागणी हळूंहळूं मूलभूत हक्काच्या पंक्तींत नेऊन बसविली. 1928 च्या नेहरू अहवालांत, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असें कलम घातलें होतें. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावांतही तें आलें. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीं 1930 सालीं सरकारपुढें ठेवलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाखालीं स्वसंरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने द्यावे, ही मागणी होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. यांत विसंगति नाहीं. हत्यार हातीं असून न उगारणें ही अहिंसा. हत्यारच नसणें ही निव्वळ लाचारी, असा त्यांचा विचार होता.

स्वराज्य आल्यावर हा हक्क घटनेंत येणार, अशी अपेक्षा होणें साहजिक होतें. 1948 च्या डिसेंबरांत घटनासमितींत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णु कामत यांनीं तशी उपसूचना मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण दिली. परक्या सरकारचा जो कायदा आपण पन्नास-साठ वर्षें धिक्कारला, त्याचें तत्त्व आपण कां स्वीकारावें, हा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनीं त्यास उत्तर दिलें. देश संकटांत असतां शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षां शस्त्र धरण्याचें कर्तव्य महत्त्वाचें. आणि ज्याला वाटेल त्यानें बाजारांत जाऊन वाटेल तें मारक हत्यार विकत घ्यावें, असें झालें तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. उपसूचना फेटाळली गेली. 26 जानेवारी 1950 पासून अमलांत आलेल्या घटनेनें नागरिकांस एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो शांततेनें व निःशस्त्र जमण्याचा. कोरेगांवच्या स्तंभापुढें उभे राहिलेल्या पुरुषानेंच हें उत्तर द्यावें, यांत खोल अर्थ आहे. ज्या खेड्यांत बळ आधींच एका बाजूस झुकलेलें आहे, तेथें हत्याराची मोकळीक प्रथम कोणाच्या हातांस बळ देईल, हें त्यांच्यासारख्यास पुस्तकांतून शिकावयास नको होतें.

इतर देशांनीं हा प्रश्न आपापल्या अनुभवानें सोडविला. इंग्लंडमध्यें 1689 च्या हक्कनाम्यानें प्रॉटेस्टंट प्रजेस, कायद्याच्या मर्यादेंत, शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. पण त्याच देशानें 1920 सालीं बंदुकांवर कडक परवाना लादला आणि 1997 मध्यें पिस्तुलें खासगी हातांतून जवळजवळ नाहींशीं केलीं. अमेरिकेनें 1791 सालीं घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीनें हा हक्क अभंग ठरविला, आणि 2008 मध्यें तेथील वरिष्ठ न्यायालयानें घरांत स्वसंरक्षणासाठीं बंदूक ठेवणें हा व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. शस्त्र हें अमेरिकेंत राज्याविरुद्धच्या हमीचें चिन्ह झालें. आपल्याकडे तें राज्यानें दिलेल्या परवान्याचा विषय राहिलें.

लिटनशाहीचा कायदा अखेर 1959 च्या नव्या कायद्यानें रद्द झाला व तो 1962 पासून अमलांत आला. त्यानें तरवारी-भाल्यांचा जाच पुष्कळ कमी केला, बंदुकीचा परवाना मात्र ठेवला, आणि तो नाकारल्यास कारणें नमूद करण्याचें व अपील ऐकण्याचें बंधन घातलें. 2019 च्या दुरुस्तीनें एका माणसास बाळगतां येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनांवर आणली. भीमेच्या कांठीं दौंड येथें आज राज्य राखीव पोलिस दलाचीं ठाणीं आहेत. ज्या मुलखांत एके काळीं घरोघर भाला होता, तेथें आतां सरकारचें शस्त्रबळ एका जागीं गोळा झालेलें आहे.

तथापि जुना करार पुरा पाळला जातो काय, हा प्रश्न उरतोच. घोड व कुकडी यांच्या पाण्यावर ऊंस वाढला आणि त्या उंसांत बिबट्यानें घर केलें. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत त्याच्या हल्ल्यांत माणसें बळी पडलीं, त्यांत बालकेंही होतीं. संतापलेल्या लोकांनीं रस्ते अडविले. शेवटीं वनखात्याच्या नेमबाजांनीं बिबट्यास गोळी घातली. 1972 च्या वन्यजीव कायद्यानें या प्राण्यास पूर्ण संरक्षण आहे, आणि तें योग्यही आहे. जीव वांचवितांना हातून त्याचा वध झाला तर गुन्हा नाहीं, असेंही तो कायदा म्हणतो. पण पहांटे दारीं धरण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं विजेरी आणि काठी एवढेंच असतें. 1887 सालीं जो युक्तिवाद चालला होता, तोच येथें नव्या रूपानें उभा आहे.

याला उत्तर घरोघर बंदूक हें नव्हे. सुप्याच्या बाजारांत बंदुका नव्हत्या हें आपलें भाग्यच होय. आजच्या भाऊबंदकींत व बांधाच्या भांडणांत त्या आल्या तर काय होईल याची कल्पना कोणाही खेडुतास आहे. परंतु ज्यानें हत्यार आपल्याकडे घेतलें, त्यानें राखणही आपल्याकडे घेतली पाहिजे, आणि ती वेळेवर केली पाहिजे. कर्ड्याच्या देशमुखाचें घर पाडलें जात असतां न्याय वेळेवर आला नाहीं. धामारीच्या रात्रीं शिपाई वेळेवर आला नाहीं. पिंपरखेडला बंदूक आली, पण बळी पडल्यानंतर. परवान्याच्या कायद्याची खरी कसोटी कचेरींत किती अर्ज नामंजूर झाले यावर लागत नाहीं. ज्या माणसानें कायदा मानून हात रिकामा ठेवला, तो रात्रीं दार लावून निर्धास्त झोंपूं शकतो कीं नाहीं, यावर ती लागते. ही कसोटी उतरली तर घटनासमितीचा निर्णय बरोबर होता, असें म्हणण्यास घोडनदीकांठचा मनुष्य आनंदानें तयार होईल.